मिरवणुकीचा डगला आणि वऱ्हाडचा पाऊस

वऱ्हाडात नटूनथटून रस्त्यावर उतरायचे बहुतेक सण भर पावसात येतात. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी घेऊन कावडी अकोल्याच्या राजराजेश्वराकडे निघतात आणि त्यांच्यासोबत सजवलेल्या पालख्या व देखावे असतात. पिठोरी अमावास्येला पोळा, दुसऱ्या दिवशी पोरांचा तान्हा पोळा, लगेच गणपती, आणि अनंत चतुर्दशीला अकोल्यात मानाच्या बाराभाई गणपतीमागे लागणारी विसर्जनाची रांग. हे सारे दोन-तीन आठवड्यांत उरकते, आणि त्याच आठवड्यांत आभाळाचा भरवसा नसतो. या दिवसांत रस्त्यावर दिसणारे कपडे मात्र पावसाचा विचार करून शिवलेले नसतात. बँडवाल्याचा सोनेरी लेस लावलेला लाल कोट, देखाव्यातल्या राजाचा मखमली अंगरखा, लाकडी नंदी ओढत आलेल्या मुलाचा साटनचा डगला, हे सगळे रंगमंचाच्या कपडेपटातून आलेले, छपराखाली वापरण्यासाठी बेतलेले कपडे आहेत. म्हणून दरवर्षी प्रश्न येतो: असा डगला वॉटरप्रूफ करता येईल का? येतो, आणि एक नव्हे, अनेक रीतींनी येतो. पण या सगळ्या रीती वऱ्हाडच्या हवेसमोर ठेवून तपासल्या की माझे मत असे बनते की मिरवणुकीचा डगला पूर्ण जलरोधक करणे ही चूक आहे. त्याच्या वरच्या पृष्ठभागाने तासभर पाणी झटकावे, भिजलाच तर रंग सोडू नये, आकार मोडू नये आणि रात्रीतून वाळावा. एवढेच मागावे, आणि त्यासाठी लागणारी मेहनत रसायनापेक्षा कापड निवडण्यात आणि शिवणीत घालावी.

या मताचा पाया हवामानात आहे. कोकणात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस पडतो. अकोला-अमरावतीच्या सपाटीवर साधारण सातशे ते नऊशे मिलिमीटर. मेळघाट आणि चिखलदरा सोडले तर इथला पाऊस सरींचा आहे: वीस मिनिटे, अर्धा तास जोरात, मग उघडीप, मग ऊन आणि जीव कासावीस करणारी उमस. कधी झडी लागते आणि दोन-तीन दिवस रिपरिप थांबत नाही, त्याचा विचार पुढे करू. पण सरीच्या पावसात ढोल वाजवणारा, लेझीम खेळणारा किंवा कावडीखाली चालणारा माणूस दोन बाजूंनी भिजतो, वरून आणि आतून. उष्ण, दमट हवेत असे श्रम करणाऱ्याला तासाला अर्धा ते एक लिटर घाम येतो. हा घाम उडाला तरच अंग थंड राहते. डगला पूर्ण बंद केला तर पावसाचे पाणी बाहेर राहते आणि घामाचे पाणी आत साचते. माणूस ओला होतोच, वर तापतोही. लहान मुलांच्या बाबतीत ही गोष्ट अधिक गंभीर आहे, कारण मूल अंगात किती उष्णता साठली हे सांगत नाही. सणाच्या भरात ते नाचत राहते.

भिजलेल्या डगल्याचे नक्की काय होते, हे आधी नीट पाहायला हवे, कारण इलाज त्यावर ठरतो. सुती कापड कोरड्या अवस्थेतही आपल्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के ओलावा धरून असते. पॉलिएस्टर फक्त ०.४ टक्के. यावरून पॉलिएस्टर भिजतच नाही असा समज होतो, पण तो खरा नाही. धागा पाणी पीत नसला तरी धाग्यांमधल्या बारीक जागांत केशाकर्षणाने पाणी शिरते, आणि साटनचा डगलाही चिंब होतो. फरक एवढाच की तो लवकर वाळतो. सुती कापडाची एक जमेची बाजू लोक विसरतात: ओला कापूस कोरड्यापेक्षा मजबूत असतो. उलट व्हिस्कोज, म्हणजे ज्याला दुकानात आर्ट सिल्क म्हणून विकतात ते रेयॉन, ओले झाले की निम्म्याच्या आसपास ताकद गमावते. काखेत आणि खांद्यावर टरकन फाटणारे डगले बहुधा याच कापडाचे असतात. मग येते बकरम. कॉलर, छातीचा भाग, पगडीची कड ज्याने ताठ उभी राहते ते बकरम खळीवर किंवा डिंकावर उभे असते, आणि पाणी लागले की खळ सुटते. राजाची कॉलर पाच मिनिटांत मान टाकते ती याच कारणाने. चौथी गोष्ट रंग. स्वस्त सुती लाल आणि निळा पुष्कळदा पक्का नसतो, आणि पांढऱ्या धोतरावर उतरलेला लाल रंग पुढे निघत नाही. शेवटी, ओला डगला घडी करून पेटीत गेला तर त्याला बुरशी लागते, आणि तांब्याच्या तारेवरची नकली जर काळी पडते. या नुकसानांपैकी बरीचशी जलरोधक लेपाने सुटत नाहीत. ताठपणासाठी खळीऐवजी न विरघळणारे सिंथेटिक अस्तर, रंगासाठी पक्क्या रंगाचे कापड, बुरशीसाठी लवकर वाळवणे, असे त्यांचे उपाय वेगवेगळे आणि स्वस्त आहेत. म्हणून लेपाचा विचार सर्वांत शेवटी यावा, असे मला वाटते.

पाऊस अडवण्याच्या जुन्या रीती पाहिल्या तर त्या दोन घराण्यांत पडतात. एका घराण्यात कापड कापडच राहते, फक्त पाण्याशी फटकून वागते. दुसऱ्यात कापडाची भोके बुजवून त्याचा पडदा केला जातो. पहिल्या घराण्याचा सर्वांत जुना प्रतिनिधी आपल्याकडची घोंगडी. मेंढीच्या लोकरीत राहिलेली चरबी आणि केसावरचे खवले यांमुळे थेंब वर थबकतो, आणि तरीही लोकर आपल्या वजनाच्या तीस टक्क्यांपर्यंत बाष्प आत घेऊ शकते, तेही अंगाला ओले न वाटता. त्यामुळे घोंगडीची खोळ करून डोक्यावरून घेतलेला मेंढपाळ दिवसभर पावसात उभा राहतो. पण घोंगडीचा डगला घालून नाचता येत नाही, आणि ती वाळायला वेळ लागतो. दुसऱ्या घराण्यात मेण, तेल आणि रबर येतात. मधमाशीचे मेण ६२ ते ६४ अंशांना वितळते, पॅराफिनचे पुष्कळ प्रकार त्याहून कमी तापमानाला, आणि दोन्ही वितळण्याच्या बऱ्याच आधी मऊ पडतात. अकोल्याचा मे महिना पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो, आणि पत्र्याच्या छपराखाली ठेवलेली लोखंडी पेटी त्याहूनही तापते. थंड, ओल्या ब्रिटिश बेटांवर मेणकापडाचे कोट पिढ्यान्‌पिढ्या चालले. वऱ्हाडात मेण लावलेली मखमल एका उन्हाळ्यात चिकट होईल, धूळ धरेल आणि शेजारच्या कपड्यालाही डाग देईल.

जवसाच्या तेलाचे उदाहरण तर विदर्भाला जवळचे आहे, कारण जवस हे इथले रब्बीचे जुने पीक. दर्यावर्दी लोकांचे तेलकापड याच तेलाचे थर देऊन, वाळवून बनवले जाई. जवसाचे तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते, म्हणून त्याचा पातळ, लवचिक पापुद्रा बनतो. पण तो कालांतराने पिवळा पडतो, घड्यांवर तडकतो आणि कापड दुपटीने जड करतो. शिवाय त्यात एक खरा धोका आहे, आणि घरी प्रयोग करू पाहणाऱ्याला तो कोणी सांगत नाही: हे तेल घट्ट होताना उष्णता सोडते, आणि तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर त्या आपोआप पेट घेऊ शकतात. रबराची कथा उष्ण प्रदेशासाठी बोधक आहे. चार्ल्स मॅकिंटॉशने १८२३ साली दोन कापडांच्या मध्ये नॅफ्थ्यात विरघळवलेले रबर घालण्याचे पेटंट घेतले. ते कोट थंडीत लाकडासारखे कडक होत आणि उन्हात चिकट. गंधक घालून रबर पक्के करण्याची रीत १८४० च्या दशकात आल्यावर हा दोष गेला, आणि आपल्याकडे सुरेंद्र मोहन बोस यांनी १९२० मध्ये बंगालमध्ये सुरू केलेल्या कारखान्याचे डकबॅक रेनकोट घरोघरी पोचले. पण रबरी कापडाने घाम बाहेर न सोडण्याचा मूळ दोष तसाच राहिला.

घरगुती रीतींत सर्वांत विचारात घेण्याजोगी रीत तुरटी आणि साबणाची. कापड आधी साबणाच्या कोमट पाण्यात बुडवायचे, पिळायचे, मग तुरटीच्या पाण्यात. जुन्या कृतींत दोन्हींचे प्रमाण लिटरला पन्नास ग्रॅमच्या आसपास असते. साबणातली स्निग्धाम्ले आणि तुरटीतले ॲल्युमिनियम धाग्यातच एकत्र येऊन पाण्यात न विरघळणारा ॲल्युमिनियम साबण बनतो आणि प्रत्येक धाग्यावर त्याचा अगदी पातळ थर बसतो. धाग्यांमधल्या जागा मोकळ्या राहतात, म्हणून हवा खेळते. म्हणजे ही रीत पहिल्या घराण्यातली, आणि माझ्या दृष्टीने म्हणूनच मोलाची. मात्र तिच्या तीन अटी आहेत. साबण खरा हवा. कपडे धुण्याच्या पुष्कळ वड्या डिटर्जंटच्या असतात आणि त्यांनी हा थर बसत नाही. पाणी मऊ हवे, आणि इथे वऱ्हाडची अडचण आडवी येते. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरला आहे, आणि तिथल्या विहिरींचे खारे, जड पाणी साबणाला कापडावर पोचण्याआधीच फाडून त्याची साय करते. अशा गावात साबणाचे पाणी पावसाच्या साठवलेल्या पाण्यात करावे. तिसरी अट उरलेली तुरटी धुऊन काढण्याची. तुरटी आम्लधर्मी आहे आणि वर्षानुवर्षे कापडात राहिली तर उन्हाळ्याच्या उष्णतेत सुताला कमकुवत करते. शिवाय वनस्पतीजन्य रंगांवर तुरटीचा परिणाम होऊन छटा बदलते, तेव्हा मंजिष्ठेच्या लाल कापडाला हा हात लावण्यापूर्वी कोपऱ्यावर तपासून घ्यावे. इतके सांभाळले तर साधा सुती अंगरखा एका सणाच्या हंगामापुरता सर झटकतो. डिटर्जंटने धुतला की गुण जातो, आणि पुढच्या वर्षी पुन्हा करावे लागते. ही उणीव खरी आहे, पण वर्षाकाठी एका दुपारचे काम आणि किरकोळ खर्च यांच्यासमोर ती मोठी नाही.

कारखान्यातल्या रसायनांचा इतिहास पाहिला तर गेल्या सत्तर वर्षांत फ्लोरिनच्या संयुगांनी बाजार व्यापला. १९५३ मध्ये थ्री-एम कंपनीच्या प्रयोगशाळेत सांडलेल्या एका द्रवाचा डाग बुटाच्या कापडावर पडला आणि तिथे पाणीही टिकेना, तेलही टिकेना, हे पॅट्सी शर्मन आणि सॅम्युएल स्मिथ यांच्या लक्षात आले. त्यातून स्कॉचगार्ड निघाले. याच कुळातली काही रसायने निसर्गात मोडत नाहीत, पाण्यात आणि रक्तात साठत जातात, हे पुढे स्पष्ट झाले. थ्री-एमने २००० मध्ये त्यातली मुख्य रसायने बंद करण्याचे जाहीर केले, आणि अशा न मोडणाऱ्या प्रदूषकांवर निर्बंध घालणाऱ्या स्टॉकहोम करारात यातलीच पीएफओएस २००९ मध्ये व पीएफओए २०१९ मध्ये आली. या करारात भारतही आहे. तान्ह्या पोळ्याच्या मुलाच्या अंगावर असे काही फवारण्याचे काहीच कारण नाही, कारण फ्लोरिनचा खरा जास्तीचा गुण तेल झटकण्याचा आहे. नुसते पाणी झटकायला मेणाची पातळ विद्रावणे आणि सिलिकॉन पुरेसे असतात, आणि पावसात तेल पडत नाही. सिलिकॉनची एकच खोड लक्षात ठेवावी: ते बसल्यावर त्यावर रंग किंवा गोंद नीट धरत नाही, म्हणून टिकल्या, रंगकाम आणि चिकटवायचे सगळे आधी करून घ्यावे.

पाणी झटकण्याचे तत्त्व समजून घ्यायला धोप्याचे, म्हणजे अळूचे, पान पुरेसे आहे. त्यावर थेंब गोळी होऊन घरंगळतो, कारण पानाच्या पृष्ठावर मेणही असते आणि अतिसूक्ष्म उंचवटेही, आणि थेंब त्या उंचवट्यांवर, मधल्या हवेवर तरंगत राहतो. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म बार्थलॉट यांनी कमळाच्या पानावर याचाच अभ्यास केला. मखमलीची लव याच रचनेची आहे. म्हणून मखमलीवर पातळ फवारा लवेच्या दिशेने मारला तर गुळगुळीत साटनपेक्षा ती पाणी अधिक चांगले झटकते. तीच मखमल ब्रशने लेप देऊन चेपली तर लव बसते, हवा जाते, रूपही जाते आणि गुणही. म्हणजे लेप जितका जाड तितका बरा, हा समज मखमलीच्या बाबतीत साफ उलटा आहे.

इथे महत्त्वाचा आक्षेप येतो: आज हवा सोडणारी आणि पाणी अडवणारी पडद्याची कापडे मिळतात, मग तीच वापरावीत. बॉब गोर यांनी १९६९ मध्ये ताणलेल्या टेफ्लॉनपासून असा पडदा बनवला, आणि आता पॉलियुरेथेनचे स्वस्त पडदेही आहेत. पण हा पडदा घाम ढकलत नाही. आतल्या आणि बाहेरच्या बाष्पदाबातला फरकच घामाचे बाष्प बाहेर ओढतो. अंगालगत ३५ अंशांच्या संपृक्त हवेचा बाष्पदाब सुमारे ५.६ किलोपास्कल असतो. युरोपातल्या १० अंशांच्या, ९० टक्के दमट पावसात बाहेरचा दाब सुमारे १.१, म्हणजे फरक साडेचार. भाद्रपदातल्या सरीत, २६ अंश आणि ९० टक्के आर्द्रता धरली, तर बाहेरचा दाब सुमारे ३.० आणि फरक २.६. ज्या ओढीवर ही कापडे तिकडे चालतात ती इथे निम्म्याहून थोडीच जास्त उरते, आणि तेही वरच्या कापडावर पाण्याचा थर साचलेला नसेल तर. दुकानदार तिकडच्या थंडीत मिळालेले आकडे इकडे विकतो. ढोलवाल्याच्या घामासमोर ते आकडे टिकत नाहीत.

पडद्याविना, रसायनाविना पाणी अडवण्याची एक रीत कापसाच्या प्रदेशाने जाणून घेण्यासारखी आहे. दुसऱ्या महायुद्धात समुद्रात पडणाऱ्या वैमानिकांसाठी मँचेस्टरच्या शर्ली इन्स्टिट्यूटने व्हेंटाइल नावाचे कापड तयार केले. अतिलांब धाग्याचा कापूस अतिशय घट्ट विणायचा. पाणी लागले की सूत फुगते आणि विणीतल्या जागा आपोआप मिटतात, कोरडे असताना हवा जाते. हे वाचून वऱ्हाडच्या कापसाने तसे कापड विणावे असे मनात येते, पण एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूलच्या बाजारात अमरावतीच्या नावावरून ‘उमरा’ म्हणून ओळखला गेलेला इथला देशी कापूस आखूड धाग्याचा होता, आणि व्हेंटाइलला लागणारा धागा त्याने मिळत नाही. तत्त्व मात्र उसने घेता येते. डगल्याला ढिल्या विणीच्या साटनऐवजी घट्ट विणलेले सुती ड्रिल किंवा पॉपलिन बाह्य कापड म्हणून वापरले आणि त्यावर पाणी झटकणारा थर दिला, तर निम्मे काम वीणच करते. सुती धाग्याने शिवले तर तोही फुगून सुईचे भोक काही अंशी बुजवतो.

पाणी मुळात शिरते तेही तिथूनच, शिवणीतून. कापडावर कितीही मेहनत घेतली आणि खांद्याच्या माथ्यावर उघडी शिवण ठेवली तर सर पहिल्यांदा तिथे झिरपते. पावसाचे पाणी डोके, खांदे, पाठीचा वरचा भाग आणि पुढे धरलेले हात यांवर पडते. कंबरेखाली ते बहुधा वाहून आलेले असते. म्हणून खांद्याची शिवण पुढे किंवा मागे सरकवणे, खांद्यावर दुहेरी तुकडा घालून तो झालरींनी आणि गोंड्यांनी झाकणे, आतून शिवणीवर पट्टी चिकटवणे, ही शिंप्याची कामे कोणत्याही फवाऱ्यापेक्षा जास्त उपयोगी आहेत. आपल्या जुन्या पोशाखात याची तयारी आहेच: बाराबंदीचा पुढचा भाग एकावर एक येतो आणि बाजूला बांधला जातो, त्यामुळे छातीवर कापड दुहेरी होते आणि उघडी फट राहत नाही. बँडवाल्याच्या समोर बटण लावलेल्या कोटाला हा फायदा नाही. त्याची आणखी एक अडचण म्हणजे ढोल-ताशाचा पट्टा. पाणी झटकणारे कापड दाबाखाली हरते. पट्टा खांद्यात रुततो तिथे थेंब जबरदस्तीने आत ढकलला जातो. म्हणून फक्त त्या पट्ट्याखाली, तळहाताएवढ्या जागी, जलरोधक तुकडा घालावा. बाकीचा कोट मोकळा राहू द्यावा.

सर्वांत साधा आणि सर्वांत प्रबळ आक्षेप पारदर्शक पन्नीचा आहे. दहा-वीस रुपयांची पन्नी डगल्यावरून घेतली की प्रश्न मिटतो, एवढा खटाटोप कशाला? बैलगाडीवर किंवा ट्रॉलीवर स्थिर बसलेल्या देखाव्यासाठी मला हे मान्य आहे. झडी लागली असेल तर सगळ्यांसाठीच मान्य आहे, कारण पाणी झटकणारे कापड तास-दीड तासाचे साधन आहे, तीन दिवसांच्या रिपरिपीचे नाही. पण चालणाऱ्या आणि नाचणाऱ्या माणसावर पन्नी टिकत नाही. ती फाटते, वाऱ्याने तोंडावर येते, आणि आत दहा मिनिटांत घामाने धुके धरते, मग ज्यासाठी पोशाख घातला ते रूपच दिसत नाही. काही जण पन्नी आतल्या बाजूने, अस्तराखाली शिवतात. त्याने अंग पावसापासून वाचते, पण डगला वाचत नाही. वरची मखमल तेवढीच पाणी पिते, दुपटीने जड होते, खांद्यावरून ओढते, आणि आत अडकलेली ओल दोन दिवस वाळत नाही. दुसरा आक्षेप सगळे पॉलिएस्टरचे शिवण्याचा. लवकर वाळण्यात ते सरस आहे, हे वर म्हटलेच. पण मिरवणुकीत मशाली असतात, फटाके असतात, आणि पेटलेले पॉलिएस्टर वितळून त्वचेला चिकटते. सुती कापडही जळते, मात्र असे चिकटत नाही. मेण आणि तेलाचे लेप तर आगीला खतपाणीच. मुलांच्या डगल्याचे निदान अंगालगतचे कापड सुती असावे, आणि मेण लावलेला पोशाख मशालीजवळ नेऊ नये, यात तडजोड नको.

तिसरा आक्षेप भाड्याच्या दुकानदाराचा, आणि तो रास्त आहे. एक पोशाख हंगामात अनेक अंगांवर जातो, दर खेपेला धुतला जातो, मग झटकणारा थर टिकणार किती? उत्तर कामाच्या क्रमात आहे. शिवून झालेल्या, लेस आणि टिकल्या लावलेल्या डगल्यावर फवारा मारला तर थर वरवर बसतो, आणि तो पक्का करायला लागणारी इस्त्री सोनेरी प्लास्टिकच्या लेसला आकसवते. तेच कापड शिवण्याआधी थानात असताना द्रावणातून काढून, वाळवून, दीडशे अंशांच्या आसपास तापवले तर थर धाग्याला घट्ट धरतो आणि बऱ्याच धुण्यांना पुरतो. घरी हेच करायचे तर बेतण्यापूर्वी कापडावर प्रक्रिया करून, वर सुती फडके ठेवून इस्त्री फिरवावी, मग कापावे, शिवावे, आणि लेस शेवटी. झाले का नाही हे तपासायला प्रयोगशाळेतली रीत घरी चालते: कापड ताणून पंचेचाळीस अंशांत तिरके धरायचे आणि वीतभराहून कमी, पंधरा सेंटिमीटर उंचीवरून झारीने पाव लिटर पाणी सोडायचे. कापड एकदा झटकल्यावर वर काही तुरळक थेंब उरले तर ठीक. मागची बाजू ओली झाली तर पुन्हा करावे. धुताना सौम्य साबण, भरपूर पाणी आणि सावलीत टांगून वाळवणे, एवढे पाळले तर दुकानदाराचा हिशेब बसतो. आणि ओला डगला भाडेकऱ्याकडून घडी करून परत घेऊ नये, टांगूनच घ्यावा.

असे प्रक्रिया केलेले कापड आज अमरावती-अकोल्याच्या शिंप्याला सहज मिळत नाही, आणि ते मिळायला हवे. केंद्राने २०२३ मध्ये जाहीर केलेल्या सात पीएम मित्र वस्त्रोद्यानांपैकी महाराष्ट्रातले एकमेव अमरावतीत, नांदगाव पेठेजवळ आहे, आणि २० सप्टेंबर २०२४ रोजी वर्ध्याच्या कार्यक्रमातून त्याची पायाभरणी झाली. कापसापासून तयार कपड्यापर्यंत सगळे एका जागी, ही त्यामागची कल्पना. त्यात शेवटची प्रक्रिया करणारे कारखाने आले तर फ्लोरिनविरहित, पाणी झटकणारे घट्ट सुती ड्रिल हे त्यांच्यासाठी साधे काम आहे. यावर म्हटले जाईल की सणाच्या डगल्यांची मागणी एका गिरणीला पुरणार नाही. नुसत्या डगल्यांची पुरणार नाहीच. पण श्रावणात निंदणाला जाणाऱ्या बाया आजही खताच्या रिकाम्या गोणीची खोळ किंवा पन्नी पांघरून सरीत काम करतात, त्याच उमसेत, तोच घाम गाळत. त्यांना लागणारा झगा आणि बँडवाल्याला लागणारा कोट एकाच कापडाचे होऊ शकतात. फरक रंगाचा आणि लेसचा. मागणी मोजायची तर त्या बायांपासून मोजायला सुरुवात करावी.